रणगाड्याचे दिवे युद्धात कुठे जातात?

एखाद्या गावाच्या चौकात किंवा लष्करी वसाहतीच्या प्रवेशद्वारापाशी चौथऱ्यावर उभा केलेला जुना शर्मन रणगाडा आपण कधीतरी पाहिलेला असतो. त्याच्या पुढच्या उतरत्या पत्र्यावर, डावीउजवीकडे, लोखंडी पट्ट्या वाकवून केलेल्या दोन जाळ्या असतात. त्या जाळ्यांच्या आत हेडलाइट असायला हवेत, आणि बहुतेक वेळा ते नसतात. पाहणाऱ्याला साहजिकच वाटते की दिवे कोणीतरी काढून नेले, किंवा भंगारात गेले. चौथऱ्यावरच्या रणगाड्याच्या बाबतीत हा संशय अगदीच अनाठायी नाही. पण दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर काढलेल्या छायाचित्रांतही, रणगाडा चालू स्थितीत असताना आणि त्याचे पाचही सैनिक वर बसलेले असताना, त्या जाळ्या पुष्कळदा रिकाम्याच दिसतात. तिथे चोर कुठून आला?

दिवे चोरीला गेलेले नसतात. ते रणगाड्याच्या पोटात असतात. ते आत का घेतले जात, कसे घेतले जात आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागे, हे समजून घेतले की रणगाडा नावाचे यंत्र कोणत्या तडजोडींवर उभे आहे, तेही बऱ्यापैकी कळते.

कोणता रणगाडा?

या लेखात उदाहरण म्हणून अमेरिकेचा एम-4 शर्मन घेतला आहे. 1942 ते 1945 या काळात तो 49 हजारांहून अधिक संख्येने तयार झाला, आणि ब्रिटिश, सोव्हिएत, फ्रेंच, पोलिश अशा अनेक सैन्यांनी तो वापरला. आपल्याकडेही त्याचा संबंध जवळचा आहे. 1945 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिलाच्या लढाईत 255 भारतीय टँक ब्रिगेडमधील प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या रेजिमेंट शर्मन घेऊन लढल्या. पुढे 1965 साली असल उत्तर येथे पॅटन रणगाड्यांसमोर उभ्या राहिलेल्या डेक्कन हॉर्सकडेही शर्मनच होते. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि रणगाड्यांचे संग्रहालय असल्यामुळे मराठी वाचकाला हे यंत्र जवळून पाहण्याची संधी इतरांपेक्षा थोडी अधिक आहे.

शर्मनचे वजन सुमारे 30 टन. पुढे खाली डावीकडे चालक आणि उजवीकडे त्याचा सहायक, जो एक मशिनगनही चालवी. वर फिरत्या बुरुजात, ज्याला टरेट म्हणतात, तोफेचा नेम धरणारा, तोफेत गोळा भरणारा आणि कमांडर. टरेट ज्या कड्यावर फिरतो त्याचा व्यास सुमारे पावणेदोन मीटर. एवढ्या वर्तुळात तीन माणसे, तोफेचा मागचा भाग, वायरलेस संच आणि हाताशी लागणारे गोळे. हा आकडा लक्षात असू द्यावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्याशी येऊन भिडतो.

चिलखताला भोक म्हणजे काय

चिलखताची जाडी सांगितली की आपल्याला रणगाड्याचे बळ कळले असे वाटते. शर्मनच्या पुढच्या वरच्या पत्र्याची जाडी सुरुवातीला 51 मिलिमीटर आणि नंतरच्या बनावटीत 64 मिलिमीटर होती. पण जो पत्रा पूर्ण अखंड आहे, त्याच्या आतून माणसाला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही आणि गाडी चालवताही येत नाही. म्हणून त्याला भोके पाडावीच लागतात: बाहेर पाहण्यासाठी, मशिनगनची नळी बाहेर काढण्यासाठी, वायरलेसच्या काडीसाठी, दिव्याच्या तारेसाठी. प्रत्येक भोक ही एक सोय असते आणि त्याच वेळी एक दुबळी जागाही असते.

इथे साध्या वाटणाऱ्या एका धोक्याची ओळख करून द्यायला हवी. बंदुकीची गोळी चिलखतावर आदळते तेव्हा ती आत शिरत नाही हे खरे, पण ती फुटते, आणि तिच्या शिशाचे नि तांब्याचे तापलेले कण पत्र्याला घासत सर्व दिशांना उडतात. कढईतल्या फोडणीवर झाकण नीट बसले नाही तर मोहरी नेमकी त्या फटीतूनच बाहेर उडते. इथे तेच उलट्या दिशेने, बाहेरून आत घडते. इंग्रजीत या उडणाऱ्या कणांना ‘स्प्लॅश’ म्हणतात, आपण शिंतोडे म्हणू. बोटभर फटीतून आलेले शिंतोडे चालकाचे डोळे घालवायला पुरेसे असत. अगदी सुरुवातीच्या शर्मनमध्ये चालकाला समोर थेट पाहता येईल अशी चीर ठेवली होती. ती पुढे बंद केली गेली आणि पाहण्याचे काम पूर्णपणे पेरिस्कोपवर, म्हणजे लोलकांच्या मदतीने छपरावरून बाहेर पाहण्याच्या उभ्या पेटीवर, सोपवले गेले.

भोक ठेवावे की बुजवावे, याबाबत तज्ज्ञांचेही एकमत होत नसे. टरेटच्या डाव्या बाजूला एक लहान झडप होती, मुळात पिस्तुलाने बचाव करण्यासाठी ठेवलेली. चिलखत तिथे दुबळे होते म्हणून 1943 मध्ये ती काढून टाकण्यात आली. पण आतल्या सैनिकांना ती पिस्तुलासाठी नव्हे, तर तोफेची रिकामी काडतुसे बाहेर फेकण्यासाठी हवी होती. त्यांच्या मागणीवरून ती पुन्हा आली. मला या प्रकरणात फार गंमत वाटते. कागदावर जी झडप लढाईसाठी होती, ती प्रत्यक्षात केर टाकण्याची खिडकी होती, आणि केराची खिडकी बंद झाली की घर चालत नाही.

दिवा, नळी आणि बूच

आता दिव्याकडे येऊ. मोटारीचा हेडलाइट बॉडीत बसवलेला असतो. शर्मनचा दिवा मात्र एका देठावर उभा असतो, आणि तो देठ चिलखतातून आरपार गेलेल्या एका नळीत वरून खोचलेला असतो. विजेचा संपर्क त्या नळीतच होतो, त्यामुळे दिवा काढताना तार सोडवत बसावे लागत नाही. दिवा जागेवर धरून ठेवणारी अडकवण आतल्या बाजूला असते, वाड्याच्या दाराला कडी आतून असते तशी. चालकाच्या बाजूने ती सैल केली की दिवा वर उचलून काढता येतो.

दिवा निघाला की नळी उघडी पडते. तिच्यातून पाऊस, चिखल आणि वर सांगितलेले शिंतोडे सरळ आत येऊ शकतात. म्हणून प्रत्येक नळीला एक धातूचे बूच दिलेले असे, आणि ते हरवू नये म्हणून जवळच साखळीने बांधलेले असे. दिवा जागेवर असताना या बुचाचे काय करायचे? त्यासाठी जाळीजवळ एक छोटी आखूड नळकांडी जोडलेली असे; दिवा बसला की बूच त्या नळकांडीत, दिवा निघाला की बूच दिव्याच्या जागी. दोन वस्तू, दोन जागा, आणि त्यांची अदलाबदल. डिझेलच्या टाकीचे झाकण साखळीला लोंबकळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यामागचा विचार वेगळा सांगावा लागणार नाही.

काढलेला दिवा धडाच्या, म्हणजे टरेटखालच्या मुख्य भागाच्या, आत त्याच्यासाठी ठरवलेल्या जागी जाई. दिव्याच्या डोक्यावर एक चिमुकला दिवाही असे. शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून रात्री मोठे दिवे बंद ठेवून फक्त या मिणमिणत्या खुणेवर रांगेने गाड्या पुढे जात. म्हणजे दिवा काढला की रस्त्यावरचा उजेड आणि रात्रीची खूण, दोन्ही एकाच वेळी आत जात.

जाळी असताना दिवा काढायचा कशाला?

हा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. दिव्याभोवतीची जाळी झाडांच्या फांद्या, कुंपणे आणि दाट झुडपे यांच्यापासून दिव्याला वाचवते; तिचे कामच ते. पण तोफगोळ्याच्या उडत्या कपच्यांना जाळीच्या फटी दिसतात, पट्ट्या दिसत नाहीत. शिवाय शर्मनची स्वतःची तोफ त्या दिव्यांच्या वरूनच फिरते. तोफ सुटताना तिच्या तोंडाशी जो दणका बसतो, त्याच्या मार्गात काच ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरे कारण चकाकीचे. गवताच्या रंगाने रंगवलेला, झाडाच्या फांद्या बांधून झाकलेला रणगाडा दूरवरून चटकन ओळखू येत नाही, पण उन्हात चमकणारी काच आणि तिच्यामागचा आरशासारखा परावर्तक एका क्षणात लक्ष वेधून घेतो. आपण घाटातून पाहत असताना खालच्या रस्त्यावरची गाडी आधी दिसत नाही, तिची काच आधी दिसते.

यावर कोणी म्हणेल की फुटू दे दिवा, नवा बसवू. शांततेत हे ठीक आहे. आघाडीवर मात्र सुटा भाग मागवून तो येईपर्यंत रात्री रांगेने जाण्याचा हुकूम येऊ शकतो, आणि अंधारात तीस टन वजनाची गाडी अरुंद पुलावर घालणे हा शत्रूच्या तोफेइतकाच खरा धोका आहे. आणि दिवे मुळातच देऊ नयेत असे म्हणावे, तर रणगाड्याचे बहुतेक आयुष्य लढण्यात नव्हे, एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यात जाते. रस्त्यावर दिवा हवा, रणात नको. या दोन परस्परविरोधी गरजा एकाच वस्तूने भागवायच्या, तर ती वस्तू काढता-घालता येणारी असणे हा सर्वांत स्वस्त मार्ग.

आतली मांडणी

बाहेरची वस्तू आत घेणे बोलायला सोपे आहे. पण आत जागा कुठे आहे? 75 मिलिमीटर तोफेच्या शर्मनमध्ये, बनावटीनुसार, 90 ते 104 तोफगोळे असत. मशिनगनची हजारो काडतुसे, पाण्याचे डबे, खाण्याची पाकिटे, अग्निशामक नळकांडी, हत्यारांची पिशवी, नकाशे, प्रथमोपचाराची पेटी, पाच माणसे आणि त्यांचे कपडे, हे सगळे त्याच पोटात.

कोणती वस्तू नेमकी कुठे बसवायची याच्या ठरलेल्या आराखड्याला लष्करी भाषेत ‘स्टोवेज’ म्हणतात. आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या मांडणीइतका चपखल शब्द मला त्याला दुसरा सुचत नाही. मांडणीत ताटांची खाच ताटांचीच असते, वाट्यांची जागा वाट्यांचीच, आणि अंधारातही घरच्या बाईचा हात बरोबर हव्या त्या डब्यावर पडतो. रणगाड्यातही प्रत्येक वस्तूला तिच्या मापाची खाच, पट्टा किंवा पकड असे, आणि कोणती वस्तू कुठे हे दाखवणारे तक्ते गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेले असत. काढलेल्या दिव्याची जागाही अशीच आधी ठरलेली. ती ऐन वेळी शोधायची नसे.

हा नीटनेटकेपणाचा हट्ट नव्हता. शर्मनचा टरेट यंत्राच्या बळावर सुमारे 15 सेकंदांत पूर्ण वर्तुळ फिरतो, आणि सुरुवातीच्या बनावटीत त्याच्याबरोबर खालचा पिंजराही, म्हणजे टरेटमधील माणसांच्या पायाखालची फिरती जमीन, फिरे. दिव्यासारखी कठीण, गोल वस्तू खाचेतून निसटून त्या फिरत्या पिंजऱ्याच्या आणि स्थिर धडाच्या मध्ये अडकली, तर दिवा तर चेंगरेलच, पण टरेटही अडकू शकतो. जिच्या तोफेला वळता येत नाही अशी गाडी शत्रूच्या समोर उभी असणे म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि गाडी सुरुंगावर गेली तर आत सुटी पडलेली प्रत्येक वस्तू आपल्याच माणसावर उडते.

दिव्याचे सोबती

काढघालीच्या वस्तूंत दिवा एकटा नव्हता. पेरिस्कोप हा त्याचा सर्वांत हुशार नातेवाईक. त्याचे डोके छताबाहेर, डोळा आत. डोके गोळीने फुटले तर सगळा पेरिस्कोप आतूनच खाली ओढून घ्यायचा, नवे डोके बसवायचे आणि पुन्हा वर सरकवायचा. त्यासाठी बाहेर यावे लागत नसे, हे फार महत्त्वाचे. दिव्याच्या बाबतीत मात्र माणसाला निदान झाकणाबाहेर हात काढावा लागे, म्हणून ते काम लढाई सुरू होण्याच्या आधीच उरकलेले बरे.

वायरलेसची उंच काडी एकसंध नसून तुकड्यातुकड्यांनी पेचात फिरवून जोडलेली असे. जास्तीचे तुकडे कापडी पिशवीत ठेवत. पावसात झाकण उघडे ठेवून गाडी चालवायची तर चालकाच्या डोक्यावर बसवायची काच आणि वायपर असलेली एक टोपीही होती, जी रणांगणावर अर्थातच नको.

चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्यांना लावायचे लोखंडी दातरे ही त्याहून जड बाब. चिखलात किंवा बर्फात रणगाड्याचे पट्टे घसरू लागले की हे दातरे त्यांना जोडत, आणि पक्क्या रस्त्यावर आले की काढत. त्यांच्यासाठी धडाच्या मागच्या भागात, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, झाकणाचे खास कप्पे होते. लढणाऱ्या माणसांच्या जागेत त्यांची गर्दी होऊ दिली नाही, ही आखणी करणाऱ्यांची समज.

मग सगळेच आत का घेत नाहीत?

कारण आतली प्रत्येक इंच जागा कोणाच्या तरी गुडघ्याची किंवा कोपराची असते. टरेटच्या छपरावरची 12.7 मिलिमीटरची मोठी मशिनगन सुमारे 38 किलोची. तीही काढून ठेवायची वस्तू, पण तिची नळी वेगळी करून दोन्ही भाग टरेटच्या मागच्या बाजूला, बाहेरच अडकवण्याची सोय नंतरच्या गाड्यांवर केलेली दिसते. एवढे मोठे धूड आत घेण्यापेक्षा बाहेर ठेवणे परवडले. कुदळ, फावडे, कुऱ्हाड, घण, ओढायचा लोखंडी दोर हे सगळे तर कायमच बाहेर पट्ट्यांनी बांधलेले. ते फुटत नाही, चमकत नाही आणि हरवले तरी गाडी लढू शकते.

काही वस्तू आत घेणे शक्यच नव्हते. जर्मनांच्या टायगर रणगाड्याचे लढाईतले पट्टे 725 मिलिमीटर रुंद होते आणि ते लावून तो रेल्वेच्या मापात बसत नसे. म्हणून आगगाडीवर चढवण्याआधी बाहेरची चाके काढून 520 मिलिमीटरचे अरुंद पट्टे लावावे लागत, आणि उतरल्यावर पुन्हा उलट खटाटोप. काही वस्तू तर एकदाच वापरून टाकण्यासाठी होत्या. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर खोल पाण्यातून येणाऱ्या शर्मनना हवा आत-बाहेर जाण्यासाठी उंच चौकोनी धुराडी लावली होती. किनारा गाठल्यावर ती टाकून दिली जात.

आणि सैनिकांची स्वतःची अंथरुणे, तंबू, खोकी, कोंबडी मिळाली तर कोंबडीसुद्धा, मागच्या इंजिनाच्या पत्र्यावर. महायुद्धाच्या छायाचित्रांतले शर्मन एखाद्या बिऱ्हाडासारखे दिसतात ते यामुळे.

आत जास्त भरले तर आग लागत नाही का?

दिव्याने आग लागत नाही. ती लागते दारूगोळ्याने, आणि इथे मांडणी हा शब्द जिवावरचा होतो. शर्मन पटकन पेटतो अशी त्याची ख्याती झाली होती आणि पुष्कळ काळ पेट्रोलला दोष दिला गेला. पण खरा दोष मुख्यतः गोळ्यांच्या जागेचा होता. सुरुवातीला ते पट्ट्यांच्या वरच्या बाजूला, म्हणजे शत्रूचा गोळा जिथे हमखास बसेल अशा उंचीवर ठेवलेले असत. 1944 पासूनच्या नव्या बनावटीत ते जमिनीलगत, पाण्याने वेढलेल्या पेट्यांत ठेवले गेले. अमेरिकी सैन्याने युद्धाच्या शेवटी केलेल्या पाहणीत, चिलखत भेदले गेलेल्या जुन्या मांडणीच्या शर्मनपैकी 60 ते 80 टक्के पेटले आणि नव्या मांडणीच्या शर्मनपैकी 10 ते 15 टक्के, असे आढळले. चिलखत, तोफ, इंजिन यांत काहीही क्रांती न करता, केवळ वस्तूंची जागा बदलून हा फरक पडला.

म्हणून आराखड्यातली जागा मोडून जादा गोळे कुठेतरी कोपऱ्यात सारणे ही सवय घातक होती, आणि गोळे कमी पडण्याच्या भीतीने सैनिक ती सोडतही नसत. त्यांची भीती खरी होती, हेही मान्य करायला हवे.

आपोआप आत जाणारा दिवा का नाही केला?

काही मोटारींचे दिवे बटण दाबले की आत जातात, तसे का केले नाही, असा शेवटचा आक्षेप राहतो. असे यंत्र चिलखताच्या आत जागा खाते, त्याला नळीपेक्षा मोठे भोक लागते, ते चिखलाने अडकते आणि बिघडले की दुरुस्त करायला कोणी नसते. देठ, नळी, बूच आणि साखळी यांत बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही. हजारोंनी गाड्या बाहेर काढणाऱ्या कारखान्यालाही हेच सोयीचे.

फोटोत काय पाहावे

शर्मनचे जुने छायाचित्र हाती आले तर आता जाळीच्या आत जरा निरखून पाहावे. दिवा जागेवर असेल आणि बूच शेजारच्या नळकांडीत खोचलेले असेल, तर गाडी बहुधा प्रवासात, सरावात किंवा आघाडीपासून मागे आहे. जाळी रिकामी आणि नळीच्या तोंडावर बूच घट्ट बसलेले असेल, तर कोणीतरी लढाईच्या तयारीने दिवे आत घेतले आहेत. एक दिवा आहे आणि दुसऱ्या बाजूला बूच, असेही दिसते. एक दिवा फुटला असेल किंवा घाई झाली असेल. आणि दिवाही नाही, बूचही नाही, फक्त साखळीचा गंजलेला तुकडा लोंबतो आहे, असे असेल तर तो रणगाडा चौथऱ्यावरचा आहे, आणि पावसाळ्यात त्या नळीतून चालकाच्या जागेवर पाणी ठिबकत असणार.